दूध केंद्रावरचा जुना कॉम्प्युटर

वडगाव निंबाळकर
१५ ऑक्टोबर २०२४

उत्कर्षा,

खुशालीनं सुरुवात करायची पद्धत असते. तुझी खुशाली मला विचारायची नाही आणि आमची तुला कळवायची नाही, म्हणून सरळ कामाचं लिहिते.

दूध केंद्रावरचा कॉम्प्युटर बंद पडला आहे. तोच, रणजितभाऊजींनी आणलेला. त्यांच्या डब्यापेक्षा तू ज्याची काळजी जास्त घ्यायचीस तो. आता पिवळा पडलाय. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बटण दाबलं तर काळ्या पडद्यावर इंग्रजी ओळी आल्या आणि तो तिथंच थांबला. श्रेयानं त्या ओळी उतरून घेतल्या आहेत, कागदाच्या मागच्या बाजूला आहेत. तिनं यूट्यूबवर बघून काय काय करून पाहिलं. पण तिथली माणसं बोलतात भराभर, आणि त्यांच्या कॉम्प्युटरला कुणी दुधाचं फॅट मोजायचं मशीन जोडलेलं नसतं.

बारामतीहून सूरज मेकॅनिक आला होता. झाकण उघडून हसला. म्हणाला, "वहिनी, ह्याला आता चौकात चबुतरा बांधा आन् हार घाला." त्यानं कुठनं तरी आणलेली दुसरी डिस्क आत बसवली, मेमरीच्या पट्ट्या वाढवल्या आणि इतकी जुनी विंडोज आपल्याला भरता येत नाही म्हणून निघून गेला. नवा कॉम्प्युटर घेतला तर त्याला फॅट मशीनची जाड वायर बसत नाही, आणि आपला दुधाचा प्रोग्राम नव्या विंडोजवर चालत नाही. हे तुला माहीतच आहे. बसवलेलं सगळं तुझंच.

तोवर पावत्या हातानं लिहितोय. हातानं लिहिलेल्या फॅटवर कुणाचा विश्वास बसत नाही. सरुबाई खिडकीत येऊन म्हणाली, "कौसल्ये, मशीन लिवत हुतं तवर माझी म्हस हुती. तू लिवाय लागलीस तर तिची शेळी झाली व्हय गं?" सगळी रांग हसली. दिवाळी झाली की युवराज देवळामागं नवं केंद्र उघडतोय. एकदा तिकडं गेलेलं दूध परत येत नाही.

तुझ्या अक्षरातली नावं असलेला सीडी आणि फ्लॉप्यांचा डबा लोखंडी कपाटात आहे. विंडोज पुन्हा कशी भरायची ते पायरीपायरीनं लिहून पाठव. फोन करायचा नाही. म्हस्कू रोज सकाळी दुधाचा टँकर घेऊन इंदापूरला येतो, त्याच्याकडं बंद पाकीट दे. पत्र मी वाचून दाखवीन, मशीनपुढं श्रेया बसेल. तुझं अक्षर तिच्या हातात जाणार नाही.

तू इंदापूरला गेल्यावर भावकीच्या बैठकीत ठरलेलं तू विसरली नसशील. अठरा पूर्ण होईपर्यंत भेट नाही, फोन नाही, नंतर श्रेयाची मर्जी. येत्या पाडव्याला तिला अठरा पूर्ण होतात. तिची मर्जी झालेली आहे. ती इथंच राहणार. तुला उगाच आशा नको म्हणून आधीच सांगते.

त्याच बैठकीत तू सगळ्यांसमोर म्हणाली होतीस, "ह्यांना स्वतःला मूल झालं नाही म्हणून माझं घेतायत." ते मी विसरलेले नाही.

कौसल्या


१८ ऑक्टोबर

उत्कर्षा,

तुझी दोन्ही पत्रं मिळाली. फ्लॉपी चालली. सीडीचं अक्षर डी नव्हतं, तू म्हणालीस तसं ई होतं. ते टाकल्यावर निळा पडदा आला आणि फायली भरायला लागल्या. मग सीडी वाचता येत नाही म्हणून थांबलं. पुन्हा केलं, पुन्हा थांबलं, दर वेळी वेगळ्या जागी.

आज सकाळी म्हस्कूनं तुझं पत्र दिलं. मी नेहमीसारखं मोठ्यानं वाचायला घेतलं. तू लिहिलं होतंस, "ताई, खंडेनवमीला सीडीची पूजा केलीत का? केली असेल तर कुंकू चकचकीत बाजूला लागलं असणार. मशीन तीच बाजू वाचतं. नैवेद्यही दाखवला असेल तर आधी मुंग्या काढा."

श्रेयानं सीडी काढून उजेडात धरली. हळदीकुंकवाची पाच बोटं तिच्यावर तशीच होती. ती इतकी हसली की तिला दुधाच्या कॅनवर बसावं लागलं.

मी काय चूक केली? खंडेनवमीला आपण कोयता पूजतो, ट्रॅक्टरची किल्ली पूजतो, वजनकाटा पूजतो. ह्या कॉम्प्युटरचा जीव ह्या तबकडीत आहे असं तूच एकदा म्हणाली होतीस. जी बाजू चमकते ती तोंड, असं मला वाटलं. कुणालाही वाटेल.

"मोठी आई, ती वळ परत वाच की. मुंग्यांची."

मी परत वाचली. माझ्या घरात, माझ्या तोंडून, तुझा विनोद.

"आईला इंदापुरात बसून कसं कळलं गं?" म्हणाली. तुझ्याबद्दल इतक्या वर्षांत तिनं विचारलेली ही पहिली गोष्ट.

सीडी साध्या पाण्यानं धुतली, मऊ फडक्यानं मधून कडेकडं पुसली, गोल फिरवलं नाही. आता फायली भरतायत. इथून पुढं पत्रात कामाचं तेवढं लिहायचं. हसवायला तुला बोलावलेलं नाही.

कौसल्या


२२ ऑक्टोबर

उत्कर्षा,

मेमरीचं तू सांगितलंस तेच निघालं. पडद्यावर "मेमरी अपुरी आहे" असं येत होतं आणि तू लिहिलंस की ती कमी नाही, जास्त झाली आहे, ह्या जुन्या विंडोजला इतकी पेलत नाही, सूरजनं वाढवलेल्या पट्ट्या काढा. श्रेयानं स्वतः काढल्या. आधी लोखंडाला हात लावून, मग कडेला धरून, तू लिहिलं होतंस तशा. पुढच्या खेपेला अपुरी हा शब्द आलाच नाही. ढगांचं चित्र आलं.

पण चित्र येतं आणि मशीन तिथंच अडकतं. डिस्क तपासायला लावली, तर सगळीकडं बी, बी अशी अक्षरं उमटत राहिली. ती खराब जागेची खूण असं तू मागं लिहिलं होतंस. मग आता काय करायचं ते कळव.

श्रेयानं तुला एक विचारायला सांगितलंय. तिच्याच शब्दांत लिहिते, म्हणजे मी फिरवून लिहिलं असं होणार नाही. "पप्पांचे फोटू ह्याच डिस्कवर हायत. ते वाचतील का?"

तू गेल्यावर डिजिटल कॅमेरा बिघडला, तो दुरुस्त केला नाही. फोटो छापून आणायचे होते, ते राहिलं. घरात भाऊजींचा हार घातलेला तेवढा एक फोटो आहे, आणि त्यात ते परक्याच्या घरी बसल्यासारखे बसलेत. कॉम्प्युटरमधले वेगळे आहेत. माळेगावच्या कारखान्यावर उसाच्या ट्रॉलीपुढं पोरीला खांद्यावर घेतलेले. वासराला बाटलीनं दूध पाजताना तिचा हात धरलेले. ती पाच वर्षांची असताना ते गेले. तिला त्यांचा चेहरा आठवतो तो त्या फोटोंमधला, हे मला माहीत आहे. गर्दी नसली की ती ते उघडून बसायची. मी बघून न बघितल्यासारखं करायचे.

आणखी एक. काल भाकरी थापताना माझ्या मागं उभी राहून म्हणाली, "पाडवा झाला की चार दिवस इंदापूरला जाऊन येते. आईनं शिकवलं तर केंद्राचं सगळंच मला येईल."

मी तव्यावरची भाकरी उलटली. जाऊन येते, म्हणाली. तू पण जाताना तेच म्हणाली होतीस.

कौसल्या


२६ ऑक्टोबर

उत्कर्षा,

कॉम्प्युटर चालू झाला. काल संध्याकाळचं दूध त्यावर घेतलं. पावती छापून आली तेव्हा सरुबाईनं ती कपाळाला लावली.

आता पत्राचं. तू लिहिलं होतंस की जुनी डिस्क थकली आहे, सूरजनं बसवलेल्या डिस्कवर सगळं नव्यानं भरायचं. पण त्याआधी जुन्या डिस्कची रुंद पट्टीसारखी वायर आणि विजेची वायर काढा, ती बाहेर काढून सुती फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवा. ती जोडलेली राहिली तर मशीन तिलाच पहिली धरेल आणि तीच पुसली जाईल. फोटो अजून तिच्यावर आहेत. आणि खाली, "पाडवा झाल्यावर श्रेयाला ती डिस्क घेऊन माझ्याकडं पाठवा. तिच्यासमोर फोटो काढून देईन. दोन-तीन दिवस लागतील."

ते मी वाचलं नाही.

पान हातात होतं, पोरगी मशीनपुढं बसलेली होती. मी 'सगळं नव्यानं भरायचं' इथं वाक्य संपत होतं तिथं थांबले आणि पान उलटून पुढच्या पायरीपासून सुरू केलं. तिनं टाइप केलं. सगळं पुसलं जाईल, करू का, असं मशीननं विचारलं. तिनं कळेवरचा हात उचलला.

"मोठी आई, ह्यानं फोटू तर जाणार न्हाईत ना?"

"तुझ्या आईनं लिहिलंय, काही होत नाही."

"नक्की?"

"ती पोरांना कॉम्प्युटर शिकवते. तिला माहीत नसेल का?"

"तसं हाय म्हणा," असं म्हणून तिनं कळ दाबली. तुझ्यावर विश्वास ठेवून दाबली. आकडे चढत गेले आणि आम्ही दोघी ते बघत बसलो.

विंडोज भरून झाल्यावर तिनं आधी फोटोंचं घर शोधलं. नव्हतं. मशीन उघडून पट्टी बघितली, कुठली डिस्क कुठं लावली आहे ते बघितलं. पुसली गेली ती जुनीच डिस्क आणि सगळं तिच्यावरच भरलंय, हे तिला समजलं. तूच तर समजावलं होतंस इतके दिवस. मला म्हणाली, "आईला ठावं हुतं. ठावं असून सांगितलं न्हाय."

रडली नाही. हात धुतले आणि दूध घ्यायला बसली.

तुझं पत्र मी पाणी तापवायच्या बंबात टाकलं. हे तुला का सांगते आहे, असं वाटेल. दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही म्हणून. ह्यांनासुद्धा नाही.

आता पत्र नको. काम झालं.

कौसल्या


२९ ऑक्टोबर

उत्कर्षा,

काल तू आलीस. वसुबारसेचा दिवस बघून आलीस. पाडव्यापर्यंत दम धरला असतास तर शब्द तरी राहिला असता.

मी तुला रांगेतच ओळखलं. तू सगळ्यात मागं उभी राहिलीस, हातात किटली नाही, काही नाही. सरुबाई म्हणाली, "आगं, ही रणजितची न्हवं?" आणि बायका बाजूला होत गेल्या, तशी तू खिडकीपुढं आलीस.

श्रेयानं मान वर केली. इतक्या वर्षांनी तुला बघितलं. मला वाटलं आता ती उठते.

"दूध घालायचं नसंल तर तुमी लाइनीतनं बाजूला व्हा," ती म्हणाली. आईला तुमी म्हणाली. वाण्याला म्हणावं तसं.

"श्रेया, मी लिहिलं होतं गं. डिस्क काढून ठेवा म्हणून लिहिलं होतं."

"दाखवा."

तू माझ्याकडं बघितलंस. मी वजनकाट्याकडं बघितलं.

"त्याची नक्कल हाय का तुमच्याकडं?" तिनं विचारलं.

तुझ्याकडं नव्हती. माझं कबुलीचं पत्र तू आणलं नव्हतंस का आणून काढलं नाहीस, कोण जाणे. प्रत्येक गोष्टीची एक नक्कल दुसरीकडं ठेवावी, असं वर्गात पोरांना तूच शिकवत असशील.

मग तू मला हात जोडलेस. मशीन आजच्या आज बंद करा ताई, डिस्क मला द्या, तिच्यावर नवीन जितकं कमी लिहिलं जाईल तितके फोटो परत मिळायची आशा आहे. आणखी पंधरा दिवस चालवलंत तर काही राहणार नाही. असं सगळ्या रांगेसमोर बोललीस. श्रेयानं ते ऐकलं. तिचा हात थांबला होता.

ह्यांनी मागनं विचारलं, "मग पावत्या कशावर करायच्या? युवराजच्या दारात जाऊ का लोकांना घेऊन?"

मी म्हणाले, पुढचं कोण आहे, या.

पुढची झुंबर होती. तिनं किटली ओतली, लिटर आणि फॅट पडद्यावर आले, पावती निघाली. मग तिच्या मागची, मग तिच्या मागची. तू खिडकीच्या बाजूला उभी राहून बघत होतीस. त्या डिस्कवर एकेकीचं दूध चढत होतं. शेवटची बाई गेली तेव्हा तूही गेली होतीस.

पुन्हा येऊ नकोस. तुझ्याच पोरीनं तुला बाजूला व्हायला सांगितलं, मी नाही.

कौसल्या


६ नोव्हेंबर

उत्कर्षा,

पाडवा झाला. तिला अठरा पूर्ण झाली. ह्यांनी बारामतीहून केक आणला. ती कुठंही गेली नाही. म्हणजे मी म्हणत होते तसंच झालं.

ती बोलत नाही. दुधाच्या खिडकीत बोलते तेवढंच, तीन लिटर, फॅट चार दोन, पुढं चला. घरात नाही. ताट वाढलं की दोन घास खाऊन उठते. फराळाचा डबा मी भरला तसा आहे. मनगटातली बांगडी कोपरापर्यंत सरकायला लागली आहे. डॉक्टर म्हणाले, अंगात काही नाही, मनाला लावून घेतलंय. माझ्या पुतणीला—असं लिहीत होते, खोडते—माझ्या पोरीला काय झालंय ते मला डॉक्टरनं सांगायला नको.

काल ती स्वयंपाकघरात आली. दारात उभी राहून म्हणाली, "मोठी आई, त्या दिवशी तू वाचता वाचता मधीच थांबली हुतीस."

"पान उलटत होते."

"व्हय का," म्हणाली. मग म्हणाली, "मला ती कळ दाबताना भ्या वाटत हुतं. मी थांबले हुते. तुमच्या दोघींतलं कोण तर एक खोटं बोललं. आईनं लिवलं न्हाय, न्हायतर तू वाचलं न्हाय. दोघींनी मिळून माझ्या हातनं पप्पांना पुसलं."

तेव्हापासून ताटावरही बसलेली नाही.

आता मी काय सांगते ते नीट वाच. मी खरं सांगितलं तर ती ह्या घरात राहणार नाही. तुझ्याकडंही येणार नाही. आज सकाळी पुण्याच्या कुठल्याशा कंपनीतल्या नोकरीचं आणि हॉस्टेलचं फोनवर बोलत होती, ह्या तब्येतीनं. तिथं तिला ताट वाढणारं कोण आहे? ती पडेल आणि आपल्या दोघींना तिसऱ्या दिवशी कळेल.

तिला एक माणूस खरं पाहिजे. दोघींतली एक. तू तिला गमावलेलंच आहेस, रांगेसमोर गमावलंस, ते सगळ्या गावानं बघितलं. मी अजून गमावलेली नाही. तेव्हा तू लिही, की डिस्क काढायचं लिहायला तू विसरलीस. तुझ्या अक्षरात, तिच्या नावानं. ते पाकीट मी उघडणार नाही, वाचून दाखवणार नाही. म्हस्कू तिच्याच हातात देईल.

मी तुझ्याकडं क्षमा मागत नाही. मागितली तरी तू देऊ नयेस, इतकं मला कळतं. खरं लिहायचं असलं तर तेही लिही, तुला कोण अडवणार आहे? मग ती तुझ्यासारखीच बॅग भरेल, आणि बरोबर ठरलीस एवढं समाधान तू इंदापुरात घेऊन बस.

पोरगी तू जन्माला घातलीस म्हणतेस ना. मग लिही.

कौसल्या


इंदापूर
८ नोव्हेंबर २०२४

श्रेया,

डिस्क पुसायची पायरी सांगताना जुनी डिस्क आधी काढून ठेवा, हे लिहायचं माझ्याकडून राहून गेलं. वर्गात मी ते प्रत्येक बॅचला सांगते. त्या दिवशी पुढच्या बॅचची मुलं दारात उभी होती, म्हस्कूदादा घाई करत होते, आणि मी पाकीट बंद करून दिलं. नंतर लिहिलं होतं असं मला वाटत राहिलं. केंद्रावर येऊन मी तेच बोलले. घरी येऊन नीट आठवलं तेव्हा कळलं की लिहिलं नव्हतं.

मोठ्या आईनं पत्र होतं तसं वाचलं. ती पान उलटायला थांबली असेल.

तू कळ दाबलीस ती मी सांगितलं म्हणून. थांबून विचारलंस, तेच बरोबर होतं. तुझी त्यात काही चूक नाही.

मोठ्या आईजवळ बसून जेव.

आई